ओली काच आणि कारागिराचा हात

उत्तम छायाचित्राचे श्रेय कॅमेऱ्याला द्यावे की तो चालविणाऱ्याला, हा वाद छायाचित्रकारांच्या बैठकीत हटकून निघतो आणि बहुधा कलावंताच्या बाजूने निकाल देऊन मंडळी उठतात. परंतु तो वाटतो तितका सनातन मात्र नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, त्या सुमारास कोणी तो मांडला असता तर सभासदांना त्याचा अर्थच लागला नसता. कारण त्यांच्या लेखी कॅमेरा म्हणजे पुढे भिंग आणि मागे काच धरण्याची खाच असलेली एक लाकडी पेटी, आणि चित्र सिद्ध व्हावयाचे ते बव्हंशी त्या पेटीच्या बाहेर, रसायनांनी काळी पडलेल्या बोटांच्या कसबावर.

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने जी ओल्या काचेची रीत प्रसिद्ध केली तिचा खटाटोप आज समजून घेतल्यावाचून हे विधान पटणार नाही. काच निर्मळ पुसून, तिच्यावर ईथर व अल्कोहोल यांत सिद्ध केलेले कलोडियन हे द्रावण ओतावयाचे, काच चारही कोपऱ्यांकडे हळूच कलती करून तो पातळ थर सारखा पसरावयाचा, उरलेला थेंब न सांडता पुन्हा बाटलीत घ्यावयाचा. मग काळोख्या तंबूत शिरून ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवावयाची, भिंगावरील टोपण काढून अंदाजाने सेकंद मोजावयाचे, आणि थर सुकण्यापूर्वी पुन्हा तंबूत धाव घेऊन चित्र उठवावयाचे. या सर्व कर्मकांडाला जी काही मिनिटे मिळत, ती आपल्याकडील वैशाखात आणखी आखडत, कारण ईथर पाहता पाहता उडून जाई; आडाच्या पाण्यात क्षार असले तर काचेवर डाग उमटत, आणि वाऱ्याने आलेला धुळीचा कण ओल्या थरावर बसला की तो कायमचा त्या चित्राचा रहिवासी होई. बाजारातून विकत आणता येई ती पेटी, भिंग आणि औषधे. प्रकाश ग्रहण करणारा पृष्ठभाग मात्र दर चित्रागणिक स्वतःच्या हाताने घडवावा लागे.

म्हणूनच या विद्येकडे प्रथम वळले ते रसायनाची भीती नसलेले लोक. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजातून वैद्यक शिकून बाहेर पडलेले गृहस्थ सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर होते आणि स्वतः निष्णात छायाचित्रकार होते. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत व्यक्तिचित्रांचा धंदा नावारूपाला आणला. त्याच काळातील विल्यम जॉन्सन यांचे मुंबईच्या रहिवाशांविषयीचे दोन खंड १८६३ व १८६६ साली निघाले, आणि हाताची करामत कोणत्या थराला जाऊ शकते याचा तो दाखलाच आहे: माणसांचे गट एका काचेवर टिपलेले, त्यांच्या पाठीमागचे देखावे दुसऱ्याच काचेवरचे, आणि कागदावर छापताना दोहोंचा सांधा असा जुळविलेला, की ती मंडळी जणू त्या देखाव्यातच उभी होती असे वाटावे. ज्यांना आजच्या चित्रांतील लबाडीने धक्का बसतो त्यांनी हे खंड अवश्य पाहावेत.

परंतु कौशल्याचा हा गौरव करताना हातही कोठे थिटा पडतो ते झाकून ठेवणे न्यायाचे होणार नाही, आणि त्यासाठी अजिंठ्याला जावे लागेल. मद्रास फौजेतील अधिकारी रॉबर्ट गिल यांना कंपनी सरकारने १८४४ च्या सुमारास तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामगिरीवर पाठविले. वर्षानुवर्षे खपून त्यांनी तैलरंगात प्रचंड नकला उतरविल्या, आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्यांतील बहुतेक १८६६ च्या डिसेंबरात आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. मधल्या काळात गिल यांनी कॅमेराही हाती घेतला होता. जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्यांच्या छायाचित्रांचे दोन ग्रंथ १८६४ साली प्रसिद्ध झाले, आणि लेण्यांचे दर्शनी भाग व स्तंभ त्यांत स्वच्छ उतरले आहेत. मग जळालेल्या चित्रांची भरपाई छायाचित्रांनी का झाली नाही? लेण्यांतील अंधार हे एक कारण झाले; त्याहून मूलगामी कारण असे, की ओल्या काचेचा तो थर निळ्या प्रकाशाला जागा आणि तांबड्या-पिवळ्याला जवळजवळ आंधळा असे. आकाश पांढरेफटक उमटे आणि तांबडी पगडी काळी. मग गेरू व पिवळी माती यांच्या छटांत रंगलेल्या अजिंठ्याच्या भिंतीला तो काय न्याय देणार? गिल यांच्यासारखा दोन्ही विद्यांत तयार झालेला माणूस समोर उभा असूनही तेथे कुंचला जे पाहत होता ते काचेला दिसत नव्हते.

पुढे १८७१ साली डॉ. मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली, त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा कारखान्यांतून तयार मिळू लागल्या, आणि १८८८ साली कोडॅकचा कॅमेरा शंभर चित्रांपुरती फिल्म भरूनच विक्रीला आला. ती संपली की कॅमेरा कारखान्याकडे धाडावयाचा, बाकी सारे तेथील नोकरांनी करावयाचे. कारागिराच्या हातातले निम्मेअधिक काम अशा रीतीने कारखान्याच्या दप्तरी जमा झाले, आणि उरलेल्या निम्म्याचा मालक कोण, हा तंटा माझ्या मते येथूनच सुरू झाला.

या तंट्यातून सुटण्याचा एक विलक्षण मार्ग कोल्हापूरकरांनी काढला. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविणारे आनंदराव व बाबूराव पेंटर यांना सिनेमाचे वेड लागले, तेव्हा विलायती कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा पदरी नव्हता. त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून एक जुने प्रक्षेपणयंत्र आणले आणि त्याचे अंतरंग अभ्यासून कॅमेरा घडविण्याची तजवीज मांडली. कल्पना वेडगळ मुळीच नव्हती: फिल्मची पट्टी एकेक घर पुढे सरकवावयाची, क्षणभर स्थिर धरावयाची आणि तेवढ्याच क्षणापुरता प्रकाशाचा दरवाजा उघडावयाचा, हे काम दोन्ही यंत्रे करतात, कॅमेऱ्यात एरवी प्रकाशाचा किरणही शिरता कामा नये, एवढा मात्र निराळा कडक नियम. परंतु ती हालचाल केसभरही चुकली तर पडद्यावरचे चित्र थरथरते, आणि ते केसभर साधण्यातच वर्षे गेली. १९१६ साली काम अपुरे टाकून आनंदराव वारले. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने बाबूरावांनी १९१८ साली कॅमेरा पुरा केला, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन सिनेमात झळकला. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले ते त्याच चित्रपटामुळे.

हा कॅमेरा विलायती कॅमेऱ्याच्या तोडीचा होता असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. हाताने दांडा फिरवून चालवावयाच्या त्या यंत्रात चित्राची गतीसुद्धा चालविणाऱ्याच्या मनगटात असे, आणि पडदे रंगवून छायाप्रकाशाचा हिशेब पक्का झालेले बाबूराव त्याच्यामागे नसते तर त्याचे काय झाले असते, हे सांगावयास नको. पण ते यंत्र नसते तर बाबूराव आयुष्यभर पडदे रंगवीत राहिले असते, हेही तितकेच खरे. बाबूरावांच्या त्या कंपनीतून तयार झालेले दामले आणि फत्तेलाल यांनी १९२९ साली इतर सहकाऱ्यांसह प्रभात फिल्म कंपनी काढली आणि १९३६ साली ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. तोवर कॅमेरा स्वतः घडवून मग चित्रपट काढण्याची गरज कोणालाच उरली नव्हती.