गावाची लोकसंख्या किती, त्यावरच ठरतो रस्ता! जाणून घ्या आपल्या गावाचा आकडा कुठे बघायचा

गडचिरोली जिल्ह्यात १२ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजार ९४२ भरली. एका चौरस किलोमीटरमागे माणसं फक्त ७४. गावं लहान, टोले त्याहून लहान आणि मधात जंगल-नाले. म्हणून आपल्याकडे रस्ता आणि एसटी हा प्रश्न शेवटी लोकसंख्येच्या आकड्यावर येऊन थांबतो.

रस्त्यासाठी किती लोकसंख्या लागते?

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा सध्या सुरू आहे (२०२४-२५ ते २०२८-२९). त्यात बारमाही रस्ता नसलेल्या वस्त्या घेतल्या जातात. अट अशी:

- सपाट भागात ५०० लोकसंख्या
- डोंगरी, अनुसूचित क्षेत्र व आकांक्षित जिल्ह्यात २५०
- नक्षलग्रस्त जिल्ह्यात १००

आकडा २०११ च्या जनगणनेचा धरतात. या योजनेत महसुली गाव नाही, तर वस्ती मोजली जाते. म्हणजे गावाला रस्ता आहे म्हणून दोन किलोमीटरवरच्या टोल्याचा हक्क जात नाही. टोल्याची लोकसंख्या वेगळी दाखवलेली पाहिजे, एवढंच.

रस्ता झाला की एसटी

एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाडा-वांगेतुरी भागात १ जानेवारी २०२५ ला पहिल्यांदा एसटी सुरू झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये धानोरा तालुक्यातल्या कटेझरीला आणि जुलैमध्ये भामरागड तालुक्यातल्या मरकणारला गाडी पोचली. स्वातंत्र्यानंतरची ही पहिलीच एसटी.

एसटी आली की महिलांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आणि शाळेच्या मुलींना मोफत पास मिळतो. गाडीच नसेल तर या सवलती कागदावरच. रेल्वेचं म्हणाल तर अजूनही जिल्ह्याला वडसा (देसाईगंज) स्टेशनचाच आधार आहे.

आपल्या गावाची नोंद कशी बघाल?

जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर 'जिल्हा जनगणना पुस्तिका' मोफत मिळते. त्यात प्रत्येक गावाची लोकसंख्या, बस, रेल्वे, पक्का रस्ता अशा नोंदी आहेत. सोय गावात नसेल तर अंतर इंग्रजी अक्षरात दिलेलं असतं: 'ए' म्हणजे ५ किलोमीटरच्या आत, 'बी' म्हणजे ५ ते १०, 'सी' म्हणजे १० च्या वर.

फेब्रुवारी २०२७ महत्त्वाचा

नवीन जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. माणसांची मोजणी फेब्रुवारीत होणार. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडचे मजूर मिरची तोडायला तेलंगणात गेलेले असतात. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. तेव्हा नियम असा होता, की जो माणूस या पूर्ण काळात घराबाहेर असेल त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे. मधात एक दिवस जरी घरी आला तरी नोंद गावातच.

शंभर-सव्वाशेच्या टोल्यातून सात-आठ कुटुंबं बाहेर असली, तर आकडा अटीच्या खाली जाऊ शकतो. आणि एकदा लिहिलेला आकडा पुढची जनगणना होईपर्यंत चालतो. २०११ चा तर पंधरा वर्षं चालला.

गावानं काय करावं?

- प्रत्येक टोल्याची घरं व माणसं यांची यादी ग्रामसभेत वाचून ठेवावी.
- प्रगणक येईल तेव्हा गावातल्या जाणत्या माणसानं सोबत फिरावं. एकही टोला सुटू नये.
- मजुरीला गेलेल्यांना मोजणीच्या तारखा आधीच फोनवर कळवाव्यात. जमेल त्यानं त्या काळात एक चक्कर घरी मारावी.
- रस्ता असून एसटी नसेल तर ग्रामसभेचा ठराव जोडून आगार व्यवस्थापकाकडे अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. गाडी वळवायला जागा आहे का, पावसाळ्यात कोणता नाला अडवतो, हेही अर्जात लिहावं.