जात्यावरचा गळा आणि पुणे

अमेरिकेच्या दक्षिण भागातील कापसाच्या शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यातून ब्लूज हा संगीतप्रकार घडला, आणि कष्टकऱ्यांच्या रोजच्या जगण्यातून उगवलेल्या संगीताची चर्चा आज बहुधा तेथूनच सुरू केली जाते. पुणे शहराच्या भोवतालच्या मावळ-मुळशीच्या खेड्यांत मात्र याच कुळीचे संगीत त्याच्या कितीतरी आधीपासून घराघरांत पहाटे गाइले जात होते. त्याला मंच नव्हता, साथीचे वाद्य नव्हते आणि दळणाऱ्या बायकांपलीकडे श्रोताही नव्हता. हे संगीत म्हणजे जात्यावरची ओवी. तिचा सर्वांत मोठा ध्वनिसंग्रह पुण्यातील संशोधकांच्या हातून उभा राहिला, ही गोष्ट या शहराच्या सांस्कृतिक इतिहासात आजवर पुरेशा ठळकपणे नोंदली गेलेली नाही.

ओवीचे प्राचीनत्व वादातीत आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात असा उल्लेख आहे, म्हणजे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच्या दीडशे वर्षांहून अधिक आधी हा प्रकार दरबारी ग्रंथकारालाही ठाऊक होता. ज्ञानेश्वरांनी ज्या छंदाला तत्त्वज्ञान पेलायला लावले, तो छंद त्याआधी उखळाजवळ बसलेल्या बायकांच्या तोंडी होता. पुढे ग्रंथांतील ओवी साडेतीन चरणांची म्हणून ओळखली गेली आणि बायकांची ओवी बहुतेक ठिकाणी यमकाने जोडलेल्या दोन ओळींची राहिली. पहिलीला पंडितांनी वाङ्मय मानले आणि दुसरीकडे दीर्घकाळ घरकामाचा एक भाग म्हणूनच पाहिले गेले.

या गाण्याची घडण समजण्यासाठी जात्याची घडण पाहावी लागते. जाते म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन गोल दगडी तळ्या. खालची स्थिर असते, वरची मधल्या खिळीभोवती फिरते, तिच्या कडेला लाकडी खुंटा ठोकलेला असतो आणि मधल्या तोंडात मुठीमुठीने धान्य सोडले जाते. या मुठीला वैरण म्हणतात. दगड झिजून गुळगुळीत झाला की टाकीचे घाव घालून तो पुन्हा खरबरीत करावा लागे, आणि हे काम करणारे टकारी गावोगाव फिरत असत. दोघी बायका समोरासमोर बसून एकच खुंटा धरत तेव्हा त्यांच्या दोन हातांची ओढ, दगडाची घरघर आणि श्वासाची लांबी यांतूनच गाण्याची चाल ठरे. या चालीला दळणाऱ्या बायका गळा म्हणतात. एकीने ओळ उचलायची, दुसरीने ती मागून घ्यायची, मध्ये ‘बाई’, ‘गं’ अशी संबोधने घालून ती लांबवायची, पुन्हा फिरवायची आणि मग यमकाच्या ओळीवर आणून सोडायची, अशी तिची साधारण रीत होती. ब्लूजमध्येही पहिली ओळ पुन्हा म्हटली जाते आणि तिसरी ओळ तिला उत्तर देते. हे साम्य कोणी कोणाकडून घेतल्याचे नाही. गाणाऱ्याला पुढची ओळ सुचेपर्यंत लागणारा अवकाश पुनरुक्तीतून मिळतो, आणि म्हणूनच जागच्या जागी रचल्या जाणाऱ्या गाण्यांत ती वारंवार आढळते.

आशयाच्या अंगाने पाहता हे नाते आणखी जवळचे वाटते. ओवीत विठ्ठल आहे, पंढरीची वाट आहे, भाऊ आणि माहेर आहे. पण त्याच गळ्यात सासरचा जाच, मुलगी जन्मल्यावर उतरलेले चेहरे, दारूडा नवरा, उपाशी दिवस आणि रामाने टाकलेली सीताही आहे. वनवासातील सीतेविषयी गाताना दळणारी बाई पुष्कळदा स्वतःविषयी बोलत असते. उघडपणे जे बोलणे घरात शक्य नव्हते, ते पहाटेच्या अंधारात, सासू झोपेत असताना किंवा कधी सासूच खुंट्याच्या दुसऱ्या बाजूला असताना, गाण्याच्या आडून बोलता येत असे. ब्लूज गाणारा आपले दुःख प्रथमपुरुषी मांडतो आणि ऐकणाऱ्यांना ते आपलेच वाटते. ओवी गाणारीही ‘मी’ म्हणते आणि तिचा ‘मी’ पलीकडच्या घरातील जात्यावर तसाच चालतो. दोहोंत भेदही आहे. १९१२ मध्ये डब्ल्यू. सी. हँडी यांची रचना छापली गेली, १९२० मध्ये मेमी स्मिथ यांची ध्वनिमुद्रिका खपली आणि ब्लूज बाजारात आला, कृष्णवर्णीय मजुरांच्या स्थलांतराबरोबर तो शिकागोसारख्या शहरांत पोहोचला. ओवीचा प्रवास मात्र लग्नाच्या वाटेने झाला, कारण आईजवळ शिकलेला गळा घेऊन मुलगी सासरी जाई आणि तिथल्या जात्यावर तो रुजवी.

हा प्रवाह आटण्याचे कारण कोणत्याही सांस्कृतिक आक्रमणात शोधण्याची गरज नाही. ते पिठाच्या गिरणीत आहे. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. अशा तेलावर चालणाऱ्या इंजिनांनी आणि नंतर गावात आलेल्या विजेने गिरण्या फिरू लागल्या, तेव्हा पहाटे तीन-चारला उठून दळण्याचा ताण बायकांच्या अंगावरून उतरला. हा लाभ लहान नव्हता. जुन्या गाण्याच्या हळहळीत तो विसरणे हा त्या बायकांवर अन्याय ठरेल, कारण गाणे टिकावे म्हणून कोणी दळत राहावे असे म्हणण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला नाही. श्रम गेले, त्यांच्यासोबत गाण्याची वेळ आणि जागाही गेली, एवढेच इतिहासाने नोंदवावे.

ओव्या गोळा करण्याचे प्रयत्न गिरणीच्या प्रसारापूर्वीच सुरू झाले होते. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये त्यांचा मोठा संग्रह केला, आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून बायकांच्या गीतांचे खंडामागून खंड प्रसिद्ध केले. बहिणाबाई चौधरी यांची कविता १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रकाशित झाल्यावर घरकाम करतानाच्या रचनेत केवढे सामर्थ्य असू शकते हे सुशिक्षित वाचकाला कळले. या सर्वांचे ऋण मोठे आहे. तथापि छापील पानावर शब्द येतात, गळा येत नाही, आणि विषयवार लावलेल्या संग्रहात गाणारी बाई बहुधा अनामिक होते.

ही उणीव भरून काढण्याचे काम गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी केले. मूळचे फ्रान्सचे असलेले पॉइटवाँ १९७२ मध्ये भारतात आले, पुण्यात स्थिरावले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. अर्थशास्त्राच्या अभ्यासक राईरकर यांच्यासह त्यांनी पुण्यात सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस ही संस्था चालवली. पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील गरिबांच्या ‘गरीब डोंगरी संघटना’ या संघटनेशीही त्यांचे काम जोडलेले होते. मुळशी तालुक्यातील नांदगाव, कोळावडे यांसारख्या गावांतील बायकांशी बोलताना त्यांच्या लक्षात आले की प्रश्न विचारल्यावर गप्प राहणाऱ्या बायका ओवीतून नेमके उत्तर देतात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेला हा संग्रह वाढत जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या, एक हजाराहून अधिक गावे आणि तीन हजारांहून अधिक गायिका एवढा झाला. ओव्या लिहून घेण्यात खेड्यातील कार्यकर्त्या स्वतः होत्या. त्यांतील कित्येक जणी स्वतःच गाणाऱ्या होत्या, आणि संशोधक व संशोधनाचा विषय यांतील नेहमीची भिंत येथे पुष्कळ अंशी पडली.

१९९० च्या दशकात संगणकीय संगीतशास्त्राचे फ्रेंच अभ्यासक बर्नार्ड बेल या कामात सामील झाले आणि त्यांच्या साहाय्याने सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. अमेरिकेत १९३३ मध्ये जॉन आणि अॅलन लोमॅक्स या पितापुत्रांनी लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी यंत्र घेऊन दक्षिणेतील तुरुंगांत जाऊन कैद्यांची श्रमगीते मुद्रित केली होती, आणि लुइझियानातील अँगोला तुरुंगात त्यांना लेड बेली हा गायक भेटला होता. पुण्याच्या संशोधकांचे काम त्याच तोलाचे आहे, आणि एका बाबतीत ते अधिक सखोल आहे, कारण येथे गाणाऱ्या बायकांशी अनेक वर्षे चाललेल्या सहवासातून व संघटनकार्यातून ध्वनिमुद्रण उगवले. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा गळा ऐकला म्हणजे छापील ओवीत काय हरवते हे कळते. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात राधाबाई बोऱ्हाडे यांनी गाइलेल्या ओव्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर जात्याच्या जुन्या गळ्यात येऊन बसतात. ओवी ही पुरातन, गोठलेली वस्तू असल्याचा समज हा एकच पुरावा खोडून काढतो. बायकांनी आपल्या काळाचा इतिहास त्याच छंदात घातला, आणि विसाव्या शतकातील ग्रामीण महाराष्ट्राविषयी लिहिणाऱ्याने या साधनाकडे दुर्लक्ष केले तर त्याचे लेखन अपुरे राहील.

पॉइटवाँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्यावरही हे काम थांबले नाही. त्यांचे सहकारी जितेंद्र मैड, आशा ओगले आणि रजनी खळदकर यांनी ते पुढे नेले, आणि २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळाने नमिता वाईकर यांच्या पुढाकाराने हा संग्रह ध्वनीसह, अनुवादासह आणि गायिकांच्या नावागावांसह लोकांपुढे ठेवला. पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या घरांतील दिवे, अडकित्ते आणि भांडी पाहायला मिळतात. त्या घरांतील बायकांचा आवाज ऐकायचा तर या संग्रहाकडेच वळावे लागते.

शहरातील रोजच्या जगण्यात हा गळा अजून पुरता मावळलेला नाही. लग्नघरात हळद दळण्याच्या विधीला जाते पुजले जाते आणि एखादी वृद्ध सवाष्ण दोन ओव्या म्हणते. आषाढी वारीच्या वाटेवर ज्ञानेश्वर आणि तुकोबांच्या पालख्या भवानी पेठ व नाना पेठेत मुक्कामाला येतात, तेव्हा दिंडीतील बायका विसाव्याच्या वेळी याच वळणाची गाणी म्हणतात. ज्या घरात आजी किंवा पणजी अजून गाते, त्या घराने तिचा गळा फोनवर मुद्रित करावा, त्यासोबत तिचे नाव, माहेरचे गाव, सासरचे गाव आणि मुद्रणाची तारीख नोंदवावी, आणि ते काम पुढच्या सणापर्यंत लांबवू नये.