कपाळावरचा घाम

बंगळूरच्या पूर्वेस व्हाइटफील्डकडे जाणाऱ्या वाटेवर महादेवपुरा लागतो. नावावरून एखादे देऊळ, वड आणि तळे डोळ्यांपुढे यावे. प्रत्यक्षात दिसतात त्या संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या उंच वसाहती. अशाच एका वसाहतीत आम्ही राहतो. नोकरीच्या निमित्ताने इकडे येऊन पडलेली आणखी चार-दोन मराठी घरे जवळपास आहेत, आणि रविवारी सायंकाळी चहाला आमच्याकडे माणसे जमतात.

गेल्या पावसाळ्यात त्यांतील एक तरुण अधिकारी जरा लवकरच आले. त्यांच्या कचेरीतून एका निविदेची कागदपत्रे नाहीशी झाली होती. विभागीय चौकशी चालू होती, आणि ज्यांच्या हातून ती फाइल गेली त्या साऱ्यांनी स्वखुशीने असत्यशोधक यंत्राची परीक्षा देऊन मोकळे व्हावे, असे त्यांना तोंडी सुचविण्यात आले होते. संमतिपत्राचा छापील नमुना त्यांच्या खिशात होता. ते म्हणाले, "काका, मी काही घेतलेले नाही. पण नकार दिला तर चोर ठरेन. आणि होकार द्यावा, तर नुसत्या विचारानेच माझ्या तळहातांना घाम सुटतो. हा घाम कशाचा, हे त्या यंत्राला कसे कळणार?"

या प्रश्नाला आम्ही त्या सायंकाळी जे उत्तर दिले ते फारच तोकडे होते. पुढे सवडीने काही ग्रंथ आणि निवाडे चाळले, तेव्हा ध्यानात आले की हा प्रश्न याच कर्नाटकाच्या भूमीवर सुमारे नऊशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता आणि त्याचे उत्तरही दिले गेले होते.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात खोट्या वादीची व साक्षीदाराची लक्षणे सांगितली आहेत. तो एका जागी स्थिर राहत नाही, ओठांच्या कडा चाटतो, त्याच्या कपाळावर घाम येतो, चेहऱ्याचा रंग उडतो, घसा कोरडा पडून शब्द अडखळतात, समोरच्याच्या नजरेला तो नजर देत नाही. पोलीस ठाण्यातील कोणताही जुना जमादार आज हीच यादी देईल. या श्लोकांवर विज्ञानेश्वराने जे भाष्य केले ते मात्र जमादाराचे नव्हे. विज्ञानेश्वर हा चालुक्य नृपती सहावा विक्रमादित्य याच्या काळचा. त्याची मिताक्षरा कल्याण नगरीत लिहिली गेली. ते कल्याण म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण, जेथे मराठी आणि कन्नड अजूनही एकाच बाजारात नांदतात. तो म्हणतो की, या लक्षणांवरून दोषाची केवळ शक्यता कळते, निश्चय होत नाही. कारण कोणता विकार माणसाच्या स्वभावातूनच आलेला आणि कोणता काही निमित्ताने उद्भवलेला, हे ओळखणे दुर्घट असते. बरे, एखाद्या निपुण माणसाने ते ओळखले असे मानले, तरीही तेवढ्यावरून त्याला पराभूत ठरविता येत नाही. मरणाची चिन्हे दिसू लागली म्हणून जिवंत माणसाचे उत्तरकार्य कोणी उरकून घेत नाही, असा त्याचा दृष्टांत आहे. ज्या ग्रंथाच्या आधारे महाराष्ट्रात आजवर वारसाहक्काचे तंटे लढविले गेले, त्यातील हा भाग आमच्या वकील मित्रांपैकी फारच थोड्यांनी वाचलेला निघाला.

अर्थात आपल्या पूर्वजांचे सारेच असे विवेकाचे होते, असे मात्र कोणी समजू नये. लेख, भुक्ती आणि साक्षी ही मानुष प्रमाणे नसली म्हणजे दिव्याची वाट धर्मशास्त्राने मोकळी ठेवली होती. म. म. पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या दिव्यांचा तपशीलवार परामर्श घेतला आहे. त्यांतील तंडुलदिव्य आमच्या विषयाला विशेष जवळचे. चोरीचा संशय असलेल्या माणसाला देवाच्या स्नानोदकात भिजविलेले तांदूळ चावून पानावर थुंकावयास लावीत. त्यांत रक्त दिसले, टाळू कोरडी पडली किंवा अंग कापू लागले, की तो दोषी. भीतीने लाळ आटते, ही गोष्ट खरीच आहे. पण चोर भितो तसा साव भीत नाही, हे कोणी सिद्ध केले होते?

मराठेशाहीत वतनाच्या तंट्यांत रवा काढण्याचे दिव्य प्रसिद्ध होते. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा. त्याआधी हात धुऊन, नखे काढून नीट पाहावयाचे, नंतर त्यावर पिशवी घालून मोहर करावयाची, आणि नेमल्या दिवशी पंचांसमक्ष ती उघडावयाची. डॉ. विठ्ठल त्रिंबक गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर जो इंग्रजी ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध केला, तो वाचताना मोहरबंद पिशवीची ही दक्षता आम्हांला फार बोलकी वाटली. प्रक्रियेत कसूर नाही. साक्षी, नोंद, मोहर, सारे यथासांग. चूक होती ती फक्त मूळच्या गृहीतकात.

आता यंत्राकडे वळू. श्वास मोजण्यासाठी छातीपोटाभोवती दोन नळ्या, रक्तदाबासाठी दंडावर पट्टा आणि बोटांना घामाची विद्युत्वाहकता टिपणारे दोन तुकडे, इतकीच त्याची सामग्री. यांपैकी कोणतीही वस्तू 'असत्य' मोजीत नाही. हार्वर्ड येथे विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रक्तदाबावरून खोटे ओळखण्याचे प्रयोग केले. १९२१ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे जॉन लार्सन या पोलिसाने श्वास व रक्तदाब यांची एकत्र नोंद करणारे यंत्र जुळविले. मार्स्टनची परीक्षा पुरावा म्हणून पुढे आली तेव्हा वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने १९२३ मध्ये ती नाकारली. त्या शास्त्रातील जाणकारांची सर्वसाधारण मान्यता तिला मिळालेली नाही, हे कारण. हेच मार्स्टन महाशय पुढे 'वंडर वुमन' या चित्रकथेचे जनक झाले, आणि त्या वीरांगनेच्या हाती त्यांनी एक असा फास दिला की त्यात सापडलेला माणूस खरेच बोलतो. प्रयोगशाळेत जे साधले नाही ते कथेत साधले, असे म्हणावयास हरकत नाही.

परीक्षेची नेहमीची रीत अशी. "फाइल तुम्ही घेतलीत काय?" या मुद्द्याच्या प्रश्नाबरोबर "आयुष्यात कधी कोणाची वस्तू घेतलीत काय?" असा तुलनेचा प्रश्न विचारतात. निरपराधी माणूस दुसऱ्या प्रश्नाने अधिक अस्वस्थ होईल आणि अपराधी पहिल्याने, अशी समजूत. पण ज्याची नोकरी, निवृत्तिवेतन आणि अब्रू पहिल्या प्रश्नावर टांगलेली आहे, तो निरपराधी असला तरी त्याच प्रश्नाला दचकणार नाही काय? उलट, मुरलेला लबाड शांत राहतो. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यातील ऑल्ड्रिच एम्स रशियाला गुपिते विकीत असताना १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही वेळा या परीक्षेतून सुटला होता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २००३ साली या विषयावर जो अहवाल दिला त्यातील एक हिशेब प्रत्येक सरकारी अधिकाऱ्याने पाहण्याजोगा आहे. दहा हजार कर्मचारी आहेत आणि त्यांत दहा हेर आहेत असे धरा. परीक्षा बरीच अचूक आहे असेही उदारपणे धरा. दहांपैकी आठ हेर सापडावेत इतकी ती कडक ठेवली, तर त्या आठांबरोबर सुमारे सोळाशे निर्दोष माणसेही नापास होतात. निर्दोषांना वाचवावे म्हणून ती सैल केली, तर बहुतेक हेर सुटतात. एखाद्या ठराविक घटनेच्या तपासात यंत्र निव्वळ योगायोगापेक्षा पुष्कळ बरे ठरते, पण बिनचूकपणापासून ते पुष्कळ दूरच राहते, असेही त्या समितीने प्रामाणिकपणे नोंदविले आहे. यंत्र अगदीच निरर्थक आहे असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल. विज्ञानेश्वराचा शब्द वापरावयाचा तर ते संभावना सांगते.

या शतकाच्या आरंभी असल्या परीक्षांची आपल्याकडील राजधानी बंगळूरच होती. मुद्रांक घोटाळ्यातील अब्दुल करीम तेलगी हा बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा. त्याची नार्को-परीक्षा येथेच झाली, आणि गुंगीतल्या त्याच्या बडबडीचे चित्रीकरण पुढे घरोघरी दूरचित्रवाणीवर दिसले. त्याच घोटाळ्यातून निघालेल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली या परीक्षांना हिरवा कंदील दाखविला होता. मेंदूच्या विद्युत्लहरींवरून गुन्ह्याची आठवण ओळखण्याची पद्धतीही बंगळूरचीच. निम्हान्स संस्थेत पूर्वी काम केलेले डॉ. चं. रा. मुकुंदन तिचे कर्ते. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात या परीक्षेचा आधार घेऊन जन्मठेप सुनावली, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष तिकडे गेले. आरोपी स्त्रीला पुढे उच्च न्यायालयाने जामीन दिला. आणि त्याच वर्षी निम्हान्सचे संचालक डॉ. नागराज यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही पद्धती अशास्त्रीय ठरविली. ज्या संस्थेत कर्ता घडला, तिच्याच प्रमुखाने हा अभिप्राय द्यावा, यात आम्हांला त्या संस्थेचा मोठेपणा दिसतो.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात निर्णय दिला. सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या त्रिसदस्य पीठाने सांगितले की, नार्को, असत्यशोधक आणि मेंदूलहरी या तिन्ही परीक्षा कोणावरही सक्तीने लादता येणार नाहीत. मग तो गुन्ह्याचा तपास असो वा अन्य काही. स्वखुशीने दिलेल्या परीक्षेचा निष्कर्षही स्वतः पुरावा होत नाही. तिच्या साह्याने एखादी वस्तू वा माहिती हाती लागली तरच ती कायद्याप्रमाणे मांडता येते. आणि असत्यशोधक परीक्षेसाठी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० साली घालून दिलेले नियम पाळावयाचे: वकिलाचा सल्ला, परिणामांची स्पष्ट समज, दंडाधिकाऱ्यासमोर नोंदविलेली संमती.

'अन्य काही' हे शब्द आम्ही आमच्या तरुण मित्रांना दोनदा वाचून दाखविले. चौकशीच्या खोलीत वरिष्ठासमोर दिलेली संमती कितपत स्वखुशीची असते, हे नोकरीत केस पिकलेल्यांना सांगावयास नको. यंत्र नको म्हणणारा काहीतरी लपवीत असला पाहिजे, हा ग्रह कायद्याच्या पुस्तकात नाही. तो कचेरीच्या कॅन्टीनमध्ये असतो, आणि तेथे सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम चालत नाही.

त्यांनी अखेर सही केली नाही. फाइल आपल्याकडे कोणत्या तारखेला आली, कोणाच्या सहीने पुढे गेली, आवक-जावक वहीच्या कोणत्या पानावर त्याची नोंद आहे, हे सारे त्यांनी तीन पृष्ठांत लेखी कळविले आणि त्या पानांच्या प्रती सोबत जोडल्या. लेख आणि साक्षी, ही मानुष प्रमाणे. चौकशी अद्याप संपलेली नाही. मधल्या काळात त्यांच्याकडील निविदांचे काम काढून दुसऱ्याकडे देण्यात आले आहे, आणि पदोन्नतीच्या यादीत त्यांचे नाव आले नाही. मागच्या रविवारी ते आले तेव्हा ती विज्ञानेश्वराची ओळ मूळ संस्कृतातून उतरवून द्या म्हणाले. आम्ही दिली.