कॅराव्हॅनमधील एसीसाठी जनरेटर निवडताना...

प्रतिनिधी

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केल्यानंतर 'चाकांवरचे घर' ही कल्पना मराठी पर्यटकांच्या परिचयाची झाली. कॅराव्हॅन भाड्याने घेणारे वाढले, तसेच जुनी मिनीबस वा टेम्पो ट्रॅव्हलर विकत घेऊन तिचे रूपांतर करून घेणारेही वाढले. अशा वाहनात पलंग, ओटा, शीतकपाट यांची सोय सहज होते. खरा प्रश्न उभा राहतो तो वातानुकूलन यंत्राचा. पत्र्याचे छत असलेले वाहन एप्रिल-मेच्या उन्हात भट्टीसारखे तापते आणि विजेची जोडणी नसलेल्या ठिकाणी मुक्काम करायचा, तर जनरेटरवाचून बहुतेकांना पर्याय दिसत नाही. मात्र दुकानदार दाखवेल तो जनरेटर उचलून आणल्यास पैसे तर वाया जातातच. प्रसंगी ही चूक जिवावरही बेतते. त्यामुळे खरेदीपूर्वी काही गोष्टी नीट समजून घेणे आवश्यक आहे.

टन म्हणजे वीज नव्हे

एसीची क्षमता टनात सांगितली जाते. एक टन म्हणजे ताशी १२ हजार बीटीयू, अर्थात सुमारे साडेतीन किलोवॉट इतकी उष्णता बाहेर टाकण्याची ताकद. हा आकडा यंत्र खेचत असलेल्या विजेचा नव्हे. एक टनाचा साधा एसी चालू असताना साधारण ११०० ते १२०० वॉट वीज घेतो. चांगल्या प्रतीचा इन्व्हर्टर एसी पूर्ण क्षमतेवर सुमारे एक किलोवॉट घेतो आणि खोली गार झाल्यावर त्याहून बरीच कमी. कॅराव्हॅनच्या छतावर बसवले जाणारे साडेतेरा हजार बीटीयूचे यंत्र साधारण १३०० ते १६०० वॉटपर्यंत जाते. नेमका आकडा यंत्राच्या मागील बाजूस लावलेल्या पट्टीवर छापलेला असतो. हिशेब त्यावरूनच करावा.

खरी मेख पुढे आहे. साध्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू प्रवाहाच्या तिप्पट ते सहापट प्रवाह खेचतो. हा झटका सेकंदाच्या अंशापुरताच असतो. पण तेवढ्यात लहान जनरेटरचा व्होल्टेज कोसळतो आणि तो बंद पडतो किंवा कॉम्प्रेसर नुसताच गुरगुरत राहतो. असे वारंवार घडल्यास कॉम्प्रेसरची मोटार जळू शकते. इन्व्हर्टर एसी मात्र हळूहळू वेग घेतो, त्यामुळे त्यात हा झटका जवळजवळ नसतो. साधा एसी आधीच बसवलेला असेल, तर 'सॉफ्ट स्टार्टर' नावाचा छोटा घटक जोडून सुरुवातीचा प्रवाह बराच कमी करता येतो. हे काम जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

केव्हीए आणि किलोवॉट

जनरेटरवर क्षमता केव्हीएमध्ये लिहिलेली असते आणि जाहिरातीत बहुधा कमाल आकडा ठळक छापतात. कमाल क्षमता काही मिनिटांपुरती असते. तासन्‌तास मिळणारी क्षमता तिच्याहून कमी असते. दोन-सव्वादोन केव्हीएच्या पेट्रोल जनरेटरकडून सलग साधारण १६०० ते १८०० वॉटचीच अपेक्षा धरावी.

एक उदाहरण घेऊ. एक टन इन्व्हर्टर एसी १००० वॉट, छोटे शीतकपाट १५० वॉट, दिवे, पंखा व मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर मिळून २०० वॉट, अशी बेरीज १३५० वॉट होते. हा भार दोन-सव्वादोन केव्हीएचा जनरेटर पेलू शकतो. त्याच जागी साधा एक टन एसी असेल आणि सॉफ्ट स्टार्टर नसेल, तर तीन ते साडेतीन केव्हीएचा विचार करावा. दीड टनासाठी, एसी इन्व्हर्टर प्रकारचा असला तरी, तीन केव्हीएच्या खाली उतरू नये. मायक्रोवेव्ह, इंडक्शन शेगडी व पाणी तापवण्याची कांडी ही प्रत्येकी दीड ते दोन किलोवॉटपर्यंत वीज खाणारी उपकरणे आहेत. त्यांच्यासाठी मोठा जनरेटर घेण्यापेक्षा ती चालवताना एसी काही मिनिटे बंद ठेवणे शहाणपणाचे ठरते.

थंड हवेच्या ठिकाणी जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद घटते. दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के ही ढोबळ घट धरली, तर सुमारे १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात जनरेटरची क्षमता जवळपास १५ टक्क्यांनी कमी होते. कडक उन्हाळ्यातही थोडी घट होतेच. म्हणून एकूण हिशेबावर किमान २० टक्के जास्तीची क्षमता राखावी.

कोणत्या प्रकारचा?

साधा पेट्रोल जनरेटर ५० हर्ट्झ वीज देण्यासाठी भार असो वा नसो, मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या एकाच वेगाने फिरतो. तो स्वस्त असतो, पण गोंगाट करतो आणि इंधनही अधिक पितो. इन्व्हर्टर जनरेटर भारानुसार इंजिनाचा वेग कमी-जास्त करतो आणि इलेक्ट्रॉनिक मंडलातून स्थिर वीज देतो. इन्व्हर्टर एसी व लॅपटॉप यांसारख्या नाजूक उपकरणांसाठी हाच सोयीचा. किंमत जास्त असली, तरी आवाज व इंधन यांत ती बरीचशी भरून निघते. दोन केव्हीएच्या वर्गातील यंत्राचे वजन २०-२५ किलो असते. तीन केव्हीएचे बंदिस्त यंत्र ६० किलोच्या आसपास जाते. रोज उतरवायचे-चढवायचे असेल, तर हा फरक कंबरेला जाणवतो.

मोठ्या वाहनात डिझेल जनरेटर कायमचा बसवतात. चित्रीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या व्हॅनिटी व्हॅन मुंबईकरांनी पाहिलेल्या असतात. त्यांतील अनेकांत अशीच व्यवस्था असते. इंधन एकाच प्रकारचे राहते, यंत्र टिकाऊ असते. पण वजन, कंपने व बसवण्याचा खर्च वाढतो. देशात जनरेटरच्या धुरासाठी १ जुलै २०२३ पासून अधिक कडक निकष लागू झाले आहेत. नवे यंत्र घेताना ते या निकषांत बसते का, हे प्रमाणपत्र पाहून ठरवावे. परदेशातून मागवलेल्या यंत्रांबाबतही सावध राहावे. अमेरिकेतील कॅराव्हॅनचे एसी व जनरेटर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर चालतात. आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची आहे.

इंधन आणि आवाज

सव्वादोन केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर पूर्ण भारावर तासाला एक लिटरहून थोडे अधिक पेट्रोल जाळतो. एसीचा भार मधूनमधून कमी होत असल्याने आठ तासांसाठी सहा ते आठ लिटर धरावेत. अशा यंत्राची टाकी साडेतीन-चार लिटरचीच असते, म्हणजे मध्ये एकदा तरी भरावी लागणार. यंत्र बंद करून, थंड होऊ देऊनच ती भरावी. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याविना ३० लिटरपर्यंतच बाळगता येते, तेही घट्ट बुचाच्या धातूच्या डब्यात. प्लास्टिकच्या बाटल्या व कॅन टाळावेत आणि डबा झोपण्याच्या जागेत कधीही ठेवू नये.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० मधील नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. शांत गावाशेजारी वा कॅराव्हॅन पार्कमध्ये रात्रभर जनरेटर धडधडत ठेवणे शेजाऱ्यांशी भांडण ओढवून घेणारे आहे. दुकानात यंत्र भार देऊन सुरू करून दाखवण्याचा आग्रह धरावा. रिकामा चालणारा जनरेटर नेहमीच शांत वाटतो.

अदृश्य शत्रू

डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत आढळले. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू वाहनाच्या तळातील फटीतून आत शिरल्याचे तपासात पुढे आले. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही त्याची पहिली लक्षणे प्रवासाच्या शिणासारखीच वाटतात आणि झोपलेल्या माणसाला तर तीही कळत नाहीत.

म्हणून सुटा जनरेटर वाहनापासून किमान सहा मीटर दूर, वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन आणि धूर खिडक्यांच्या विरुद्ध बाजूस जाईल असा ठेवावा. वाहनाखाली, तंबूत वा डिकीत तो चालवू नये. कायम बसवलेल्या जनरेटरचा कप्पा राहत्या भागापासून पूर्ण बंद असावा, धुराची नळी वाहनाच्या कडेबाहेर निघावी आणि तारा व नळ्यांसाठी पाडलेले प्रत्येक छिद्र बुजवलेले असावे. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा गजर आत बसवावाच; त्याचा खर्च एसीच्या किमतीपुढे नगण्य आहे. गजर वाजल्यास किंवा सर्वांचेच डोके एकाच वेळी जड झाल्यास कारण शोधत न बसता आधी उघड्यावर यावे. सुरक्षित मार्ग म्हणजे झोपण्यापूर्वी वाहन गार करून जनरेटर बंद करणे.

विजेची जोडणीही तितकीच महत्त्वाची. बाहेरची वीज आणि जनरेटर कधीही एकत्र येणार नाहीत, असा चेंजओव्हर स्विच लावावा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा आणि तो जनरेटरच्या विजेवरही काम करतो, याची विद्युत तंत्रज्ञाकडून खात्री करून घ्यावी. एसी बंद झाल्यावर तीन मिनिटे उलटल्याशिवाय तो पुन्हा सुरू करू नये.

आधी भार कमी करा

जनरेटरची क्षमता वाढवण्याआधी एसीची गरज घटवावी. छताला व बाजूंना उष्णतारोधक थर, काचांना परावर्तक पडदे आणि सावलीतला थांबा एवढ्यानेही बराच फरक पडतो. रात्रीपुरता एसी हवा असेल, तर लिथियम बॅटरीचा पर्यायही आता विचारात घेण्याजोगा झाला आहे. सरासरी ६०० वॉट वापरणारा छोटा इन्व्हर्टर एसी आठ तास चालवण्यास सुमारे पाच युनिट वीज लागते. रूपांतरातील घट धरता सहा युनिटांची बॅटरी ते काम आवाज व धुराविना करते. सुरुवातीचा खर्च मोठा असतो हे खरे. पण मुक्काम बहुधा विजेची सोय असलेल्या ठिकाणीच होणार असेल, तर बॅटरी तेथे भरून घेता येते आणि जनरेटर केवळ अडीअडचणीपुरता उरतो. आपण वर्षातून किती रात्री विजेविना काढणार आहोत, हा प्रश्न प्रत्येकाने आधी स्वतःला विचारावा. त्याचे प्रामाणिक उत्तर मिळाले की कोणता जनरेटर घ्यावा आणि मुळात घ्यावा की नाही, हे ठरवणे सोपे जाते.