टॉवर कोणाचे आणि पायाखालची जमीन कोणाची?

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर नतमस्तक होऊन आपण चौपाटीवर येतो, तेव्हा दक्षिणेला प्रभादेवी-वरळीचे टॉवर दिसतात. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली आपली पोरे त्या टॉवरांसमोर उभी राहून सेल्फी काढतात. त्यात गैर काही नाही. वर्तमानपत्रे याला मुंबईची 'बदलती स्कायलाइन' म्हणतात आणि कोणता टॉवर किती मजल्यांचा याच्या याद्या छापतात. आम्हाला मजले मोजायचे नाहीत. हे टॉवर ज्या जमिनीवर उभे आहेत, तिथे काल कोण राबत होते, एवढेच विचारायचे आहे.

काल तिथे गिरण्या होत्या. टॉवरांच्या आधी मुंबईच्या आकाशात गिरण्यांच्या चिमण्या दिसत. त्या चिमण्यांखाली जात कशी चाले, हे आपल्या पिढीने विसरू नये. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, पण तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यातला धागा संपला की नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला आपण तोंड कसे लावायचे, ही सवर्ण कामगारांची अडचण! म्हणून आपल्या आजा-पणजाच्या वाट्याला कमी पगाराची खाती आली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला. कामगारांची एकजूट हवी, तर आधी विणकाम खाते आमच्यासाठी उघडा, असा तो रोकडा सवाल होता.

बाबासाहेब स्वतः याच वस्तीतले. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत त्यांचा सुमारे वीस वर्षे संसार होता. 'मूकनायक' निघाले, महाडचा सत्याग्रह झाला, ते गोलमेज परिषदेला गेले, तेव्हा त्यांचे घर त्या चाळीत होते. बहिष्कृत हितकारिणी सभा परळच्याच दामोदर हॉलमध्ये जन्मली. आपली चळवळ वाढली ती इथल्या जिन्यांत, पटांगणांत आणि मैदानांत.

मग चिमण्या जाऊन टॉवर आले कसे? आपोआप नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप मोडला आणि एकेक गिरणी बंद पडत गेली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीसाठी वाटणी ठरवली: साधारण एक तृतीयांश महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. आता वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची होणार होती. गिरणी पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून वगळली. एका दुरुस्तीने मैदाने आणि गरिबांची घरे आक्रसली. प्रकरण कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मालकांच्या विरोधात लागला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. आज जिथे ७६ मजल्यांचा 'वर्ल्ड वन' उभा आहे, तिथे श्रीनिवास मिल होती. म्हणून आम्ही म्हणतो, मुंबईचे आकाश आर्किटेक्टच्या आधी नियमावलीने घडवले.

आता बीडीडी चाळींकडे येऊ. १९२० च्या दशकात इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या बांधल्या. नावातच 'डेव्हलपमेंट', आणि खोली १६० चौरस फुटांची! एका इमारतीत ८० खोल्या, संडास सामायिक. एकट्या वरळीत अशा १२१ चाळी. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने त्यांतल्या काहींचा तुरुंग केला, यावरून त्या कशा असतील ते समजा. याच चाळींत बौद्धांची मोठी वस्ती वाढली. जानेवारी १९७४ मध्ये पँथरच्या सभेनंतर वरळी पेटली, चाळीविरुद्ध चाळ उभी राहिली. १० जानेवारीच्या मोर्च्यात भागवत जाधव शहीद झाले.

आता त्याच वरळीत ४० मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. काही मित्र यावर उसासे टाकतात: चाळ संस्कृती गेली! आम्ही उसासे टाकणार नाही. १६० फुटांत दहा माणसांनी झोपणे ही संस्कृती नव्हती, नाइलाज होता. ज्या बाबासाहेबांनी गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना झोडपले, त्यांच्या लेकरांनी चाळीचे गोडवे का गावेत? आपल्या आयाबायांना घरात संडास आणि स्वयंपाकाला वेगळी जागा मिळाली, हा त्यांचा हक्कच होता.

पण हक्क चावीपाशी संपत नाही. लिफ्टचे, पंपाचे, देखभालीचे बिल पुढची पन्नास वर्षे कोण भरणार? उरलेल्या जमिनीवर विक्रीचे टॉवर येतील. त्यांच्या शेजारी आपला माणूस टिकेल, की घर विकून बदलापूर-विरारला जाईल? जयंतीचे पटांगण, विहार, वाचनालय नकाशात कुठे आहे? आणि नावे? २०२२ मध्ये सरकारने वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी वस्त्यांना बाळासाहेब ठाकरे, शरद पवार आणि राजीव गांधी यांची नावे दिली. ज्यांच्या रक्ताने आणि घामाने या वस्तीचा इतिहास लिहिला गेला, त्यांच्यापैकी एकही नाव सरकारला सुचले नाही. जुना धोटा गेला, पण घरकाम करणाऱ्या बाईसाठी वेगळी लिफ्ट अनेक टॉवरांत आहेच. विटाळ आता विजेवर चालतो!

दोष फक्त इतरांना देऊन भागणार नाही. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस पाडले गेले. तिथे १७ मजली इमारत उभी करायची होती आणि हे करणारे 'आपलेच' म्हणवणारे होते. ज्या प्रेसने आपली वर्तमानपत्रे छापली, ती रात्रीत ढिगारा झाली. १९ जुलैला हजारो लोक पावसात रस्त्यावर उतरले, कारण त्यांना मजल्यांपेक्षा वारसा मोठा वाटला.

इंदू मिलची साडेबारा एकर जागाही आपण अशीच लढून मिळवली. ६ डिसेंबर २०११ ला कार्यकर्ते आत घुसले नसते, तर तिथेही टॉवरच दिसला असता. आता तिथे पायथ्यासह ४५० फुटांचे स्मारक होत आहे. त्या उंचीचा आम्हाला अभिमान आहे. पण सभोवतीच्या टॉवरांशी उंचीची शर्यत लावून बाबासाहेब जिंकणार नाहीत. त्या पुतळ्याच्या पायाशी ग्रंथालय किती मोठे आणि अभ्यास करणाऱ्या पोरांना बसायला जागा किती, यावर आपण ते स्मारक तोलले पाहिजे.

तरुण मित्रांनो, सेल्फी जरूर काढा. पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा: आजा कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात होता? आपली खोली कितव्या चाळीत, कितवा नंबर? लिहून ठेवा. उद्या टॉवरच्या सोसायटीत मीटिंग होईल तेव्हा हाच कागद पुढे करून विहार, वाचनालय आणि भागवत जाधवांचे नाव मागा. चाळ पडली की भिंती जातात. त्यांच्यासोबत आपली नोंद जाऊ देऊ नका.

जय भीम!