ज्या, कोटिज्या आणि पळीभर तेल

मी गणिताचा पंडित नव्हे. कन्हानकडील कोळशाच्या खाणीत राबलेला आणि पुढे युनियनच्या कामात पडलेला मनुष्य. शाळा लवकर सुटली. सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावीला बसलो तेव्हा पस्तिशी उलटली होती, आणि गणितात त्रिकोणमितीने माझी वाट अडवली.

पुस्तकात लिहिले होते की तीस अंशांची साइन अर्धा. तेव्हा साठ अंशांची साइन दोन अर्धे, म्हणजे एक, असे मी बेधडक लिहून मोकळा झालो. एका मजुराची हजेरी अधिक दुसऱ्याची हजेरी म्हणजे दोन हजेऱ्या, हाच माझा जन्मभराचा हिशेब! उत्तर चूक निघाले. नित्यसमानता तर मी रात्ररात्र घोकल्या, आणि सकाळी विसरलो.

अखेर खाणीतल्या एका सर्व्हेअरला शरण गेलो. त्याने युनियनच्या खोलीत फरशीवर खडूने वर्तुळ काढले व साठ अंशांच्या कमानीच्या दोन टोकांना सुतळी ताणली. ती त्रिज्येएवढी भरली. मग कमान दुप्पट केली, एकशेवीस अंशांची. सुतळी दुप्पट व्हावी की नाही? ती पावणेदोन पटीलाही थोडी कमीच पडली. "दादा, कमान वाढते तशी दोरी वाढत नाही," तो म्हणाला. ह्या दोरीचा अर्धा भाग म्हणजे अर्ध्या कोनाची साइन. त्या दिवशी डोक्यात उजेड पडला.

पुढे वाचनालयात बसून शोधले तेव्हा कळले की ही दोरी आपलीच. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात 'ज्या' किंवा 'जीवा' म्हणतात. हा शब्द अरबांकडे जाऊन 'जिबा' झाला. तो 'जैब', म्हणजे खोळ, असा वाचला गेला, आणि बाराव्या शतकात लॅटिनमध्ये त्याचे भाषांतर 'सायनस' झाले. एका वाचनचुकीतून आजची साइन जन्मली, आणि ती आमच्या पोरांना परकी म्हणून छळते!

आपल्या जुन्या गणितात ज्या ही लांबी असे. परिघाच्या २१,६०० कला धरल्या तर त्रिज्या ३,४३८ येते. तीस अंशांची ज्या १,७१९, बरोबर अर्धी. ज्या, कोटिज्या आणि त्रिज्या मिळून काटकोन त्रिकोण होतो. म्हणून पहिल्या दोघींच्या वर्गांची बेरीज त्रिज्येच्या वर्गाएवढी. मी घोकत होतो ती पहिली नित्यसमानता हीच.

आणि माझ्या चुकीचे उत्तर? ते भास्कराचार्यांनी ११५० साली पुऱ्या केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'तील ज्योत्पत्तीच्या प्रकरणात आहे. दोन कोनांच्या बेरजेची ज्या हवी असेल तर प्रत्येकाच्या ज्येला दुसऱ्याच्या कोटिज्येने गुणावे, त्रिज्येने भागावे, मग बेरीज करावी. मी तीस आणि तीस घेऊन करून पाहिले. ३,४३८ येत नाहीत, २,९७७ येतात. सुतळीने जे दाखवले तेच.

आता मला खरे सांगावयाचे ते पुढेच आहे. चाळीसगावजवळ पाटण येथे भवानीच्या देवळात एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो विद्वानांपुढे मांडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने १२०७ साली, चंद्रग्रहणाच्या वेळी, सर्व लोकांसमक्ष त्याला दान दिले. ग्रहणाचे गणित ह्याच ज्यांवर चालते, तेव्हा मुहूर्त नेमका साधला म्हणावयाचा.

लेखाचा शेवटचा भाग मात्र मराठीत आहे, आणि त्यात राजाची स्तुती नाही, बाजाराचा हिशेब आहे. पाटणात जो माल विकावयास येई त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिले. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. जेवढे घाणे चालतील तेवढ्यांमागे पळी पळी तेल.

मी वर्गणीच्या पावत्या फाडण्यात आयुष्य घालवले; म्हणून असेल, मला राजाच्या दानापेक्षा ह्या पळीचे वजन अधिक वाटते. राजाने आपल्या जमाखर्चातले एक कलम सोडले. तेल्याने दिले ते बैलामागे दिवसभर फिरून काढलेल्या तेलातले. सोइदेवाचे नाव दगडावर आहे. तेल्यांची फक्त पळी आहे.