‘विधा’ आणि ‘फल’ : कौटिलीय अर्थशास्त्रातील दुभत्या गाईचा आहार

प्राचीन भारतातील गोपालनाविषयी लिहिताना गाईच्या पावित्र्याची चर्चा विपुल होते. तिच्या चाऱ्याची क्वचितच. या दृष्टीने कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील ‘गोऽध्यक्ष’ हा एकोणतिसावा अध्याय मुद्दाम वाचण्याजोगा आहे. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये हा ग्रंथ म्हैसूर येथे प्रसिद्ध केला, पुढे रा. प. कंगले यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० मध्ये प्रकाशित केली.

प्रथम शब्दांकडे वळू. ‘विधा’ म्हणजे प्रकार, हा आपल्या परिचयाचा अर्थ. येथे मात्र तो जनावराच्या ठरीव खुराकाचा वाचक आहे. उत्तम वाहक बैलांच्या विधेत यवस (हिरवा चारा), तृण (साधे गवत), पिण्याक (पेंड), कणकुंडक (कणी-कोंडा) आणि मीठ यांची मापे दिली आहेत. ‘धेनु’ हाही गाईचा केवळ पर्याय नव्हे. चोखणे, पिणे या अर्थाच्या ‘धे’ धातूशी तो संबद्ध असून मूलतः पाजणाऱ्या, म्हणजेच दुभत्या गाईचा बोध करतो.

या धेनूंविषयीचा नियम मोजक्या शब्दांत आहे. कामाच्या बैलांना कामाच्या वेळेनुसार, धेनूंना ‘फलतः’ म्हणजे उत्पन्नानुसार विधा द्यावी; गवत व पाणी मात्र सर्वांनाच यथेच्छ असावे. येथे दोन तत्त्वे वेगळी केलेली दिसतात : जगण्यापुरते सर्वांना, दुधापुरते दुधाच्या मानाने. आजचे पशुपोषणशास्त्रही निर्वाहाचा आणि उत्पादनाचा आहार निराळा मोजते; गाईच्या दर अडीच लिटर दुधामागे सुमारे एक किलो खुराक हा आपल्याकडील प्रचलित ठोकताळा त्याच जातीचा आहे. मराठी शेतकऱ्याच्या बोलीतही वैरण सर्व गुरांची, तर पेंड-कोंडा भिजवून केलेले आंबोण मुख्यतः दुभत्याचे, असा भेद रूढ आहे.

तथापि एवढ्यावरून प्राचीनांना आधुनिक पोषणशास्त्र अवगत होते, असे म्हणणे अतिव्याप्त ठरेल. दुधाच्या कोणत्या मापाला किती खुराक, हे ग्रंथ सांगत नाही. प्रथिनांची कल्पना तर त्याच्या कक्षेबाहेरची. भूमी, गवत आणि पाणी यांच्या गुणाने दूध-तूप वाढते, हे निरीक्षण मात्र त्यात स्पष्ट आहे. वर्षा, शरद व हेमंत ऋतूंत दोन वेळा, तर शिशिर, वसंत व ग्रीष्मात एकदाच दोहन करावे, असा नियम असून तो मोडणाऱ्यास अंगठा तोडण्याची शिक्षा आहे. नियमाचे कारण दिलेले नाही. चाऱ्याच्या टंचाईशी त्याचा संबंध असावा, हा आपला तर्क.

शिवाय हे सारे राज्याच्या कळपांसाठी घालून दिलेले विधान आहे. सामान्य कुटुंबाची गाय प्रत्यक्षात काय खात होती, याचा तो पुरावा नव्हे. विधानाला वस्तुस्थिती मानण्याचा मोह टाळला, तरच या अध्यायाचे खरे मोल कळते : गाईकडून घ्यावयाचे आणि तिला द्यावयाचे यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो, ही जाणीव त्यात नोंदली गेली आहे.